मोजका घास

मुक्या जिवाला खाऊ घालणे हे आपल्याकडे पुण्याचे काम मानले जाते. सकाळी गच्चीवर पारव्यांसाठी दाणे पडतात, दाराशी आलेल्या गाईच्या मुखी पोळी जाते, अंगणातल्या मांजरासाठी वाटीत दूध ओतले जाते. समोरचा जीव खातो आहे हे पाहताना खाऊ घालणाऱ्याला जे समाधान लाभते, ते सहजासहजी दुसऱ्या कशात मिळत नाही. परंतु खाणाऱ्याची गरज किती आणि खाऊ घालणाऱ्याची हौस किती, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. मुंबईतील एका निवृत्त हिशेबनिसांना तो मांडावा लागला, आणि तोही एका माशामुळे.

एका जहाज कंपनीच्या कचेरीत त्यांची सारी नोकरी झाली होती. समुद्रावरून जाणाऱ्या-येणाऱ्या मालाच्या नोंदी करण्यात आयुष्य गेले. मात्र त्या समुद्राच्या पोटात काय चालते, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. लहानपणी वडिलांचे बोट धरून ते मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयात गेले होते. १९५१ साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयातील काचेआडचे निळसर पाणी आणि त्यात संथपणे फिरणारे मासे त्यांच्या मनात घर करून राहिले होते. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला, तेव्हा समुद्राचा एक लहानसा तुकडा घरी आणावा, असे त्यांनी ठरवले. शोभिवंत माशांच्या एका दुकानात त्यांना सिंहमासा दिसला आणि दुसरा कोणताही मासा पाहण्याची त्यांना इच्छाच उरली नाही.

सिंहमासा हा दिसायलाच असा आहे, की पाहणाऱ्याची पावले थबकावीत. अंगावर तांबूस-तपकिरी आणि पांढऱ्या रंगांचे आडवे-उभे पट्टे. दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरलेले, पिसांची आठवण करून देणारे पर. पाठीवर उभारलेल्या लांब काट्यांची रांग. आणि डोळ्यांच्या वर मुंडावळ्यांसारखी लोंबणारी दोन नाजूक टोके. हा मासा घाईने पोहत नाही. एखाद्या मानकऱ्याने मिरवणुकीत चालावे, तसा तो पाण्यात संथपणे तरंगतो. त्याच्या या निर्धास्तपणाला कारण आहे. पाठीवरचे तेरा, पोटाकडील परांचे दोन आणि शेपटीजवळच्या खालच्या पराचे तीन, असे त्याचे अठरा काटे विषारी असतात. पंख्यासारखे दिसणारे मोठे पर मात्र निर्विष असतात. हिंदी महासागर आणि पश्चिम प्रशांत महासागर ही या माशांची मूळ घरे होत. आपल्या देशात लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारचे आखात येथील प्रवाळांच्या परिसरात सिंहमाशांच्या जाती आढळतात.

मासा आणण्याआधी समुद्र आणावा लागतो, हे त्यांना दुकानातच कळले. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची टाकी त्यांनी करवून घेतली. तिच्यात सुमारे ४५० लिटर पाणी मावत असे. नुसत्या पाण्याचे वजनच साडेचार क्विंटलांच्या वर. त्यात काच, दगड आणि लोखंडी चौकट यांची भर. घर तळमजल्यावर होते, म्हणूनच हे धाडस शक्य झाले.

समुद्र जवळ असताना पाणी विकत का तयार करायचे, असा प्रश्न घरच्यांना पडला. परंतु मोठ्या शहराच्या किनाऱ्यावरचे पाणी सांडपाण्याने दूषित झालेले असते आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो. साधे मीठ घालूनही काम भागत नाही; कारण समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी अनेक द्रव्ये असतात. म्हणून यासाठी तयार मिळणारे क्षारमिश्रण आणून, क्लोरीन काढलेल्या पाण्यात ते दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात मिसळावे लागले. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. त्यामुळे रोज घटलेले पाणी गोड्या पाण्यानेच भरून काढायचे. उन्हाळ्यात टाकीतील पाणी तापू नये, म्हणून ते थंड ठेवणारे यंत्र बसवावे लागले. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सियसच्या आसपास राखायचे होते. निवृत्तिवेतनातून विजेचे वाढलेले देयक भरताना त्यांच्या पत्नी एवढेच म्हणत, “तुमचा समुद्र आपल्याला बुडवणार नाही ना, तेवढं पाहा.”

इतके होऊनही मासा लगेच आणता आला नाही. माशाच्या कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. खऱ्या समुद्रात तो अथांग पाण्यात विरून जातो. टाकीत मात्र साचत राहतो आणि माशाचा जीव घेतो. या अमोनियाचा निचरा करणारे सूक्ष्म जिवाणू दगडांवर आणि गाळणीत वाढावे लागतात. त्यांपैकी काही अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही माशाला घातकच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते आणि ठरावीक काळाने थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. या जिवाणूंची वस्ती वसण्यास सहा आठवडे लागले. त्यांना खाद्य मिळावे, म्हणून रिकाम्या टाकीत कोळंबीचा एक तुकडा कुजण्यास ठेवला होता. सहा आठवडे एक वयस्क गृहस्थ रिकाम्या टाकीसमोर बसून वहीत आकडे मांडत आहेत, हे दृश्य पाहून शेजाऱ्यांना मौज वाटे. त्यांची आठ वर्षांची नात विचारी, “आजोबा, ह्यात कोण राहतं?”

“दिसत नाहीत असे पुष्कळ जण राहतात,” ते म्हणत. “ते नीट वसले, की मग पाहुणा आणायचा.”

पाहुणा आला तो जेमतेम चार इंचांचा. हा मासा जिवंत भक्ष्याशिवाय काहीही खात नाही, असे दुकानदाराने सांगितले आणि पिशवीभर लहान सोनमासे सोबत दिले. सिंहमासा अंधारून आल्यावर शिकारीस निघतो. त्यामुळे रोज दिवेलागणीला टाकीत एक सोनमासा सोडला जाई. सिंहमासा दोन्ही पर जाळ्यासारखे पसरून त्याला हळूहळू कोपऱ्यात नेई. जवळ गेल्यावर तो तोंडातून पाण्याची बारीक धार सोडी. त्या झुळकीने भक्ष्य गोंधळून तोंड वळवी. आणि पापणी लवण्याच्या आत ते दिसेनासे होई. शेजारची मुले हे पाहण्यासाठी जमत. पाहुणे आले, की त्यांच्यासाठी आणखी एक सोनमासा सोडला जाई. मासा कधीही नको म्हणत नसे. माणूस दिसताच तो समोरच्या काचेशी येई आणि पर हलवत उभा राही. “बिचारा भुकेला आहे,” असे कोणी ना कोणी म्हणे, आणि हात आपोआप सोनमाशांच्या बरणीकडे जाई.

दहाव्या महिन्यात मासा मलूल झाला. त्याचे पोट फुगले होते. तो तळाशी एका अंगावर टेकून राही आणि त्याचे कल्ले भराभर हालत. समोर आलेल्या भक्ष्याकडे तो पाहीनासा झाला. पाणी पुन्हा पुन्हा तपासले गेले. त्यात कोणताही दोष नव्हता. एका सकाळी तो मेलेला आढळला.

या मृत्यूचे कारण त्यांना पुढे, अनुभवी पाळणाऱ्यांशी बोलल्यावर आणि वाचनातून उमगले. समुद्रातील सिंहमाशाला पुढचा घास केव्हा मिळेल याची शाश्वती नसते. म्हणून मिळेल तेव्हा मिळेल तितके गिळून ठेवावे, अशीच त्याची घडण झाली आहे. त्याचे जठर मूळ आकारमानाच्या तीस पटींपर्यंत ताणले जाऊ शकते, असे अभ्यासकांना आढळले आहे. आणि अन्नावाचून तो कित्येक आठवडे तग धरू शकतो. काचेशी येऊन उभे राहणारी त्याची भूक ही लाखो वर्षांच्या सवयीची भूक होती. ती त्या दिवसाच्या गरजेचे माप नव्हती. शिवाय सोनमासा हा गोड्या पाण्यातला. त्याच्या अंगातील चरबी समुद्री शिकाऱ्याला मानवत नाही. ती यकृतात साचत जाते. त्यातच सोनमाशाच्या शरीरात ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारे एक द्रव्य असते. रोज तेच खाऊन सिंहमासा भरल्या पोटी कुपोषित होतो.

त्यांच्या पत्नी हळहळून म्हणाल्या, “आपण तर त्याला एक दिवसही उपाशी ठेवलं नाही हो.”

“तेच तर चुकलं,” ते म्हणाले.

जन्मभर दुसऱ्यांच्या मालाची पै न् पै नोंदवणाऱ्या या माणसाने त्या दहा महिन्यांची एकही नोंद ठेवली नव्हती. पाण्याचे आकडे वहीत होते, खाद्याचे नव्हते. आठवून आठवून त्यांनी कागदावर हिशेब मांडला. एका लहानशा माशाला त्यांनी तीनशेहून अधिक सोनमासे चारले होते. ‘अति तेथे माती’ ही म्हण त्यांनी शाळेत असताना वाक्यात उपयोग करून लिहिली असेल. तिचा अर्थ त्या कागदावर उमटलेला होता. आपण त्याला जगवण्यासाठी खाऊ घालत होतो, की आपल्या मनोरंजनासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर टाळले नाही.

पुढील काही महिने टाकी रिकामीच राहिली. पंप मात्र चालू होता. जिवाणूंची वस्ती त्यांनी मोडू दिली नाही. नातीच्या आग्रहाने दुसरा सिंहमासा आला, तेव्हा पहिल्याच दिवशी एक नवी वही उघडली गेली. या माशाला मेलेले खाद्य घेण्यास शिकवायचे, असा निश्चय झाला होता.

हे शिकवणे म्हणजे संयमाची परीक्षाच होती. सिंहमाशाला हालणारी वस्तू तेवढीच अन्न वाटते. प्रथम काही दिवस त्याला बारीक, जिवंत कोळंबी दिली. नंतर ताज्या कोळंबीचा तुकडा एका लांब, पारदर्शक काडीच्या टोकाला लावून तो पाण्याच्या प्रवाहात हळूहळू हलवायचा, असा क्रम सुरू झाला. मासा दगडाच्या कपारीत उलटा लटकून ते पाही आणि तोंड फिरवी. एकदा त्याने तुकडा तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. न खाल्लेला तुकडा तासाभरात बाहेर काढावा लागे. नाही तर तोच कुजून अमोनिया वाढणार. पाच दिवस गेले, आठ दिवस गेले. घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला. “एकच सोनमासा टाकू या का?” असे पत्नींनी दोनदा विचारले. त्यांनी मान हलवून नकार दिला. मात्र त्या रात्री त्यांनाही झोप लागली नाही. अकराव्या दिवशी दिवेलागणीला काडीच्या टोकाचा तुकडा नाहीसा झाला. कसा गेला, हे कोणाला दिसलेही नाही. वहीत त्या तारखेपुढे ‘घेतला’ एवढा एकच शब्द आहे.

तेव्हापासून या माशाचे खाणे मंडईतून येऊ लागले. कधी करंदी, कधी माकुलाचा तुकडा, कधी बोटाएवढी लहान, सबंध मासळी. एकच खाद्य सतत द्यायचे नाही, हा पहिला नियम. शक्य तेव्हा भक्ष्य डोके-काट्यांसह द्यायचे, हा दुसरा; कारण समुद्रात शिकारी मासा आपले भक्ष्य सबंधच गिळतो आणि त्याचे पोषण नुसत्या मांसातून होत नाही. आणलेले खाद्य धुऊन, लहान लहान भाग करून बर्फात ठेवले जाई. द्यायच्या आधी ते साध्या पाण्यात मऊ केले जाई. त्यावर कधी जीवनसत्त्वांचे थेंब सोडले जात. मासा लहान असताना एक दिवसाआड आणि वाढल्यावर दोन दिवसांआड, असे त्याच्या जेवणाचे वेळापत्रक ठरले.

नेहमीच्या कोळिणीला या गिऱ्हाइकाचे नवल वाटे. “काय काका, आज सहाच करंद्या? पाहुणे रुसले काय?” ती विचारी.

“पाहुणा एकच आहे आणि तो दोन दिवसांआड जेवतो.”

“मग तुमचा पाहुणा लई शहाणा. आमच्याकडचे दिवसातून चार वेळा जेवतात!” असे म्हणून ती हसे; आणि पुढच्या खेपेला बारीक, ताजी मासळी त्यांच्यासाठी आठवणीने बाजूला काढून ठेवी.

नातीने भिंतीवरील दिनदर्शिकेत माशाच्या जेवणाच्या दिवशी लाल टिंब काढण्यास सुरुवात केली. ज्या दिवशी टिंब नसे, त्या दिवशी ती म्हणे, “आज त्याची एकादशी.” परंतु या एकादशीला मासा काचेशी येऊन पर पसरून उभा राही, तेव्हा खरी एकादशी घरातल्या माणसांची असे. आलेला पाहुणा म्हणे, “अहो, भुकेला दिसतोय.” हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसण्यास किती बळ लागते, हे त्या घरातील माणसे शिकत होती. आई मुलाला आवडीने भरवते, तशीच ती कधी कधी पुढ्यातले ताट उचलूनही नेते. दोन्ही वेळी तिचे मन सारखेच असते. मासा मात्र या लंघनाने ताजातवाना राहिला. त्याचा रंग उजळला, परांच्या कडा धारदार झाल्या आणि दोन वर्षांत तो वीतभर वाढला.

या माशाने त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली, आणि ती जरा कठोरपणे. एके संध्याकाळी काचेच्या आतील शेवाळ पुसताना त्यांचे लक्ष दाराकडे गेले. हात मागे सरकला आणि दगडाआडून निघालेल्या माशाच्या पाठीला लागला. क्षणार्धात बोटापासून खांद्यापर्यंत आग उसळली. सिंहमाशाच्या काट्यांवर पातळ त्वचेचे आवरण असते आणि काट्यांच्या खाचांत विषाच्या ग्रंथी असतात. काटा रुतला, की ते आवरण फाटते आणि विष जखमेत उतरते. हे विष प्रथिनांचे बनलेले असल्याने उष्णतेने निष्प्रभ होते. म्हणून पत्नींनी तातडीने पाणी तापवले. ते पोळणार नाही इतपतच, सुमारे ४५ अंश, गरम असल्याची खात्री दुसऱ्या हाताने करून घेतली आणि त्यात दुखरा हात बुडवून ठेवून त्यांना डॉक्टरांकडे नेले. वेदना काही तासांत ओसरल्या. सूज दोन दिवस राहिली.

नातेवाईक म्हणाले, “असला विषारी प्राणी घरात हवा कशाला?” त्यांनी उत्तर दिले, “तो माझ्या अंगावर आला नाही. मीच न पाहता त्याच्या अंगावर गेलो.” ते खरेही होते. सिंहमाशाचे विष शिकारीसाठी नसून स्वसंरक्षणासाठी असते. दुसऱ्या दिवशी टाकीजवळ लांब दांड्याचा ब्रश आला. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी मासा कोठे आहे ते पाहायचे व त्याच्यावरची नजर काढायची नाही, असा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला गेला.

असे तिसरे वर्ष सरले. मासा आता सुमारे फूटभर लांब झाला होता. तेवढ्यात इमारतीच्या पुनर्विकासाचा निर्णय झाला. सर्व रहिवाशांनी चार महिन्यांत घरे रिकामी करायची होती. बदलीचे भाड्याचे घर सातव्या मजल्यावर, दोन लहान खोल्यांचे होते. तेथे इतक्या वजनाची टाकी ठेवणे शक्य नव्हते. माशाचे काय करायचे, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नसे. पण तो सर्वांच्या मनात होता.

त्याचे सोपे उत्तर शेजाऱ्यांनी दिले. “काका, एवढा विचार कसला करता? समुद्र काय लांब आहे? एखाद्या सकाळी नेऊन सोडून द्या. मुक्या जिवाला मोकळं केल्याचं पुण्य लागेल.” त्यात कोणताही दुष्टावा नव्हता. पिंजऱ्यातील पक्षी सोडणे, गळाला लागलेला मासा पाण्यात टाकणे हे आपल्या मनाला नेहमीच उदात्त वाटत आले आहे. नातीलाही ते पटले. तिने विचारले, “सोडलं तर तो त्याच्या घरी जाईल ना, आजोबा?”

तिला उत्तर देण्यासाठी त्यांना सात समुद्रांपलीकडची एक हकिगत सांगावी लागली.

अटलांटिक महासागरात पूर्वी सिंहमासा नव्हता. १९८५ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या डेनिया किनाऱ्यापाशी तो प्रथम आढळला. त्यानंतर सात वर्षांनी, १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात, किनाऱ्याजवळची एक टाकी फुटून काही सिंहमासे समुद्रात गेले, असेही सांगितले जाते. परंतु सुरुवात त्यापूर्वीच झालेली होती. घरी पाळलेले मासे मोठे झाले, त्यांचे खाणे डोईजड झाले, तेव्हा कोणीतरी ते समुद्रात सोडून दिले असावेत, असे अभ्यासक मानतात. सोडणाऱ्यांनाही तेव्हा आपण चांगलेच काम करत आहोत, असे वाटले असेल. पुढे हे मासे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बहामा बेटांपाशी, साऱ्या कॅरिबियन समुद्रात आणि मेक्सिकोच्या आखातात पसरले. २०१४ साली त्यांची नोंद ब्राझीलच्या किनाऱ्यावरही झाली. एक मादी वर्षाला वीस लाखांपर्यंत अंडी घालू शकते आणि ती अंडी प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात. तेथील लहान माशांच्या पिढ्यांनी असा शिकारी कधी पाहिला नव्हता. पसरलेल्या परांची त्यांना भीतीच वाटली नाही. बहामा बेटांजवळील एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रवाळांच्या लहान लहान बेटांवर एकेक सिंहमासा ठेवला असता, अवघ्या पाच आठवड्यांत तेथे नव्याने वाढणाऱ्या स्थानिक माशांचे प्रमाण सरासरी ७९ टक्क्यांनी घटले. आज तेथे पाणबुडे भाल्यांनी सिंहमासे टिपतात, त्यासाठी स्पर्धा भरवल्या जातात, आणि विष केवळ काट्यांतच असल्याने त्याचे मांस उपाहारगृहांतून वाढले जाते. फ्लोरिडाने २०१४ साली जिवंत सिंहमासे राज्यात आणण्यावर बंदी घातली. परंतु एकदा पसरलेला हा मासा त्या समुद्रातून पूर्णपणे परत काढणे आता कोणाच्याही हाती राहिलेले नाही.

“पण आपला समुद्र तर त्याचाच आहे ना?” नातीने विचारले. तिची शंका रास्त होती. सिंहमासा हिंदी महासागराला परका नाही. तरीही हा विशिष्ट मासा कोणत्या बेटाजवळ पकडला गेला, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्याचे नातलग प्रवाळांच्या स्वच्छ पाण्यात राहतात; मुंबईच्या किनाऱ्याचे पाणी गाळाने गढुळलेले. दुकानातील टाक्यांत अनेक देशांचे मासे एकत्र येतात. त्यांच्याकडून घेतलेला एखादा रोग याच्या अंगात सुप्त असेल, तर तो समुद्रातील निरोगी माशांना लागण्याचा धोका होता. शिवाय गेली तीन वर्षे तो काडीच्या टोकावरचा घास घेत आला होता. ज्याला आपण शिकार विसरायला लावली, त्याला समुद्रात ढकलून त्या कृतीला मुक्ती म्हणणे त्यांना पटेना. पिशवी रिकामी करून आपण माघारी वळलो, की पुढे काय झाले ते आपल्याला दिसणार नाही. मग हे पुण्य कोणाच्या खात्यावर मांडायचे? पहिल्या माशाला त्यांनी मायेपोटी मारले होते. दुसऱ्याच्या बाबतीत तशीच चूक त्यांना निराळ्या नावाने करायची नव्हती.

मग शोध सुरू झाला. काही जण मासा फुकट घेण्यास तयार होते. पण त्यांच्या टाक्या लहान होत्या किंवा त्यांत आधीच छोटे मासे होते. सिंहमाशाच्या तोंडात मावेल तो प्रत्येक मासा त्याचे भक्ष्यच असतो. एकाने तर, “मी त्याला रोज जिवंत मासे घालीन,” असे अभिमानाने सांगितले. त्याला त्यांनी नम्रपणे नकार दिला. घर सोडण्यास पंधरा दिवस उरले असताना ठाण्यातील एका प्राध्यापिकाबाईंची माहिती मिळाली. त्या अनेक वर्षे समुद्री मासे पाळत होत्या आणि त्यांची टाकी याहून दुप्पट मोठी होती. दोघे पतिपत्नी स्वतः जाऊन ती टाकी पाहून आले. पाणी कसे तपासता, वीज गेली तर काय करता, असे अनेक प्रश्न त्यांनी विचारले. मुलीचे स्थळ पाहायला जावे, तसाच तो प्रकार होता. आणि बाईंनाही त्याचा राग आला नाही.

न्यायच्या आधी दोन दिवस माशाला खाणे दिले नाही, म्हणजे वाटेत पाणी घाण होणार नव्हते. काट्यांनी पिशवी फाटू नये, यासाठी त्याला झाकणाच्या जाड डब्यात घालून, त्याच्याच टाकीतील पाण्यातून नेले. तेथे पोहोचल्यावर त्याला एकदम नव्या पाण्यात न सोडता, ते पाणी थोडे थोडे डब्यात मिसळत गेले. अखेरीस मासा नव्या टाकीत शिरला आणि एका कपारीखाली जाऊन उलटा लटकून राहिला. निघताना त्यांनी बाईंच्या हाती वही दिली. तीन वर्षांतील प्रत्येक घासाची तारीख, वार आणि प्रकार तिच्यात लिहिलेला होता. नातीने दिनदर्शिकेची शेवटची पाने फाडून त्या वहीत ठेवली होती.

घरी आल्यावर काही दिवस कोणाचे कशात लक्ष लागेना. पंपाचा अखंड आवाज थांबल्याने घर फार शांत वाटे. बाईंचा दूरध्वनी रोज येई: आजही काही खाल्ले नाही. ते त्यांना धीर देत, “थांबा. काडी हलवत राहा. उरलेला तुकडा मात्र बाहेर काढा.” स्वतःची काळजी ते आवाजात उमटू देत नसत.

नवव्या दिवशी, सामानाची खोकी बांधून झाली होती, तेव्हा दूरध्वनी वाजला. “घेतला!” पलीकडून बाईंचा आनंदित स्वर आला. “एका क्षणात घेतला, आणि आता काचेशी येऊन उभा आहे. अजून मागतोय हो. आणखी एक तुकडा देऊ का? निदान उद्या?”

क्षणभर त्यांच्या डोळ्यांपुढे ते पसरलेले पर उभे राहिले.

“नको,” ते म्हणाले. “उद्याही नको. परवा द्या.”